चि. सानिकास

चि. सानिकास अनेक उत्तम आशीर्वाद.

रोबोची बॅटरी फुगून खोलीत धूर झाल्याचे काल रात्री तू फोनवर हसत सांगितलेस आणि लगेच आईला फोन द्यायला लावलास. मीही तेव्हा काही बोललो नाही. नंतर मात्र तो धूर मनातून जाईना, म्हणून लिहायला बसलो आहे. उपदेश करायचा नाही, असे ठरवून बसलो आहे.

तुझ्या छंदाला माझा विरोध कधीच नव्हता. आठवीत केलेला तुझा पहिला रोबो म्हणजे आजोबांच्या पानाच्या डब्याचे झाकण, त्यावर दोन पिवळ्या गिअर मोटारी, पुढे दोन इन्फ्रारेड सेन्सर आणि एलएम ३५८ ही आठ पायांची आयसी. काळी पट्टी दिसली की त्या बाजूची मोटार थांबायची आणि रोबो तिकडे वळायचा. आपली शहाबादी फरशी काळपट, तिच्यावर पट्टी त्याला वेगळी दिसेचना, तेव्हा आजोबांनी आपले धोतर अंथरून दिले. तरीही दुपारी तो भरकटायचा. उन्हातही इन्फ्रारेड किरण असतात, हे तीस वर्षे रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माझ्या ध्यानात आले नाही. तुझ्या आले, आणि तू खिडकीवर गोधडी टांगलीस. पुढचा आठवडाभर दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाने ही हकिगत माझ्याकडून ऐकली आहे.

तो रोबो चार पेन्सिल सेलवर चालत असे, आणि पेन्सिल सेल बिघडला तर बहुधा नुसता पाझरतो. तुझ्या आताच्या लिथियम पॉलिमर बॅटरीचे तसे नाही. सेल ४.२ व्होल्टच्या वर चढला किंवा ३ च्या खाली उतरला की आतून नासू लागतो, त्यात वायू धरतो आणि तो फुगतो. फुगलेला पॅक, म्हणजे सेलांचा तो जोड, ‘अजून दोन दिवस चालेल’ म्हणून तू पुन्हा लावलास, हे मला पटले नाही. तीन सेलच्या पॅकला प्रत्येक सेल सारखा भरणारा बॅलन्स चार्जरच हवा, २२०० मिलिअँपिअर-तासाच्या पॅकला २.२ अँपिअरहून अधिक प्रवाह नको, आणि तो रात्री लावून झोपणे तर नकोच नको. पाहा, सुरू झालाच उपदेश. क्षमा कर.

दुसरे काही लिहितो. ब्रिस्टलच्या ग्रे वॉल्टर या मेंदूसंशोधकाने १९४८-४९ मध्ये एल्मर आणि एल्सी ही दोन यांत्रिक कासवे केली. प्रत्येकात दोन व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओत असत त्या काचेच्या नळ्या), एक प्रकाशाचा सेन्सर आणि एक धक्क्याचा, एवढ्यावर त्याने भागवले. मी ज्या व्हॉल्व्हवर हात भाजून घेत धंदा शिकलो, त्यांतून कोणी कासव चालवले असेल असे मला तेव्हा स्वप्नातही वाटले नसते. बॅटरी भरलेली असताना झगझगीत दिव्यापासून दूर जाणारी ती कासवे बॅटरी उतरली की त्याच दिव्याकडे ओढली जात. दिवा त्यांच्या खुराड्यात असे आणि चार्जिंगची सोयही तिथेच. चार्जिंगचे पुन्हा निघाले. मुद्दाम आणले नव्हते. दिवाळीला स्पर्धेमुळे तू येणार नाहीस, असे आई म्हणाली. असो.

‘रोबो’ म्हणजे काय, असे आजोबांनी विचारले होते, आठवते? चेक भाषेत रोबोटा म्हणजे वेठ, आणि कारेल चापेकने १९२० च्या नाटकात त्याचा भाऊ योसेफ याने सुचवलेला हा शब्द वापरला, असे तू त्यांना ठसक्यात सांगितलेस. “मग पहाटे तीनपर्यंत वेठ कोण करतंय, तो की तू?” असे ते म्हणाले होते. तू आजही तीनपर्यंत जागतेस, याची मला खात्री आहे; जागी असशील तर एका परीने बरेच, निदान चार्जरकडे लक्ष तरी राहील.

उद्याच्या पार्सलमध्ये आईचा चिवडा आहे. त्याच्याखाली मातीचे मडके आणि पिशवीत कोरडी वाळू आहे. चार्जिंगच्या वेळी पॅक त्यात ठेव, आजूबाजूला कागद-कपडे नकोत आणि झाकण घट्ट लावू नकोस. फुगलेला पॅक कचऱ्यात टाकू नकोस, मी आलो की ई-कचऱ्यात नेऊन देऊ. गुरुवारी रात्री दहाला फोन करीन.

तुझा,
बाबा

ता. क. : मागच्या खेपेच्या पितळी डब्यासारखे करू नकोस. मडक्यात तुळस लावलेली मला दिसता कामा नये.