घारापुरीचे निवांत म्हातारपण

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला घारापुरी बेटावरच्या ज्येष्ठांवरचा लेख वाचला. फोटो झकास आहेत. 'गोंगाट नाही, घाई नाही, सगळे एकमेकांना धरून' हा मजकूर आमच्या आत्याला मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवला. ती नुसतीच "बरं" म्हणाली.

आत्याला श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १,५०० रुपये मिळतात. त्यासाठी हयातीचा दाखला हवा. म्हणजे गुडघे गेलेल्या बाईने धक्क्यापर्यंत उतरायचे, डुलत्या होडीत पाय टाकताना दोघांनी तिचे दंड धरायचे, पलीकडे रिक्षा करून कचेरी गाठायची. एवढे करून गेलो, तर यंत्रावर अंगठा उमटेना. जन्मभर मासळी खारवून बोटांवरच्या रेघाच झिजल्यात. पदराला पुसून झाले, ओले फडके झाले, डावा अंगठा झाला. "मी समोर बसलेय ना, अजून कसला दाखला?" असे तिने विचारल्यावर साहेब मान वर न करता म्हणाले, "सोमवारी या."

सोमवारी लेणी बंद, पर्यटकांच्या लाँच बंद. गावातल्या कुणाची होडी निघाली तर निघाली. पण साहेबांना हे कशाला ठाऊक असेल! ते घारापुरीला आले असतील ते पाहुण्यांना त्रिमूर्ती दाखवायला.

एकमेकांना धरून राहतात, हे मात्र तुमच्या लेखकाने खरे लिहिले. पाहुण्यांना डोलीतून पायऱ्या चढवणारी पोरेच आत्याला खुर्चीवर बसवून धक्क्यावर नेतात, चहासुद्धा घेत नाहीत. मात्र त्यातली निम्मी पोरे नोकरीला पलीकडे निघाली आहेत. त्यांच्या जागी कोण, ते लेखात नाही. बहुधा परतीची लाँच गाठायची असावी.

समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकून २०१८ साली बेटावर वीज आणली. सरकारचे अभिनंदन आम्ही तेव्हाच केले. मग पिशवीत मावणारे अंगठ्याचे यंत्र घेऊन वर्षातून एकदा एखाद्या कारकुनाने शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर या बेटावरच्या तीन गावांत यायला काय हरकत आहे? लाँचचे तिकीट आम्ही वर्गणी काढून देऊ.

जाता जाता: धक्क्यावर म्हाताऱ्यांना टेकायला सावलीत बाकडे हवे, हे माझे मागचे पत्र तुम्ही निम्मे कापलेत आणि नेमके बाकडेच उडवलेत. या वेळी कापायचेच असेल तर फोटोंचे कौतुक कापा.

आपला,
एक वाचक, राजबंदर, घारापुरी (ता. उरण)