चेंडू आपला होता

हॅम्बुर्ग, रविवार

चि. चिऊ हिस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सांगितलेस की तुझ्या वर्गातल्या एकाने ‘जर्मनीचे पहिले फुटबॉल विजेते आमच्या लाइपत्सिगचे’ अशी फुशारकी मारली आणि वर ‘तुझ्या बाबांच्या त्या हॅम्बुर्गच्या क्लबने, आल्टोना ९३ ने, आजवर काय जिंकले?’ असेही विचारले. तेव्हा मी कणीक मळत होतो, नीट उत्तर देता आले नाही, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

मुलगा खरे तेच बोलला. १९०३ साली जर्मनीत पहिल्यांदा राष्ट्रीय विजेतेपदाचे सामने झाले, त्यात उपान्त्य फेरीत लाइपत्सिगच्या संघाने आपल्याला ६–३ असे हरवले. पण पुढची गोष्ट त्याला बहुधा ठाऊक नसेल. दोनच आठवड्यांनी, ३१ मे रोजी, अंतिम सामना आल्टोनातच, लष्कराच्या कवायतीच्या मैदानावर ठरला होता. समोर प्रागचा जर्मन संघ होता. हा संघ उपान्त्य सामना न खेळताच तिथवर पोहोचला होता, कारण सामना पुढे ढकलल्याची एक खोटी तार कार्ल्सरूहेच्या संघाला मिळाली आणि ते घरीच बसले. ती तार कोणी पाठवली हे आजतागायत उलगडलेले नाही. एवढा सगळा गोंधळ पार पडून खेळाडू मैदानावर उभे राहिले, तर खेळण्याजोगा चेंडूच नाही! अखेर आल्टोना ९३ ने चेंडू पुरवला आणि सामना अर्धा तास उशिराने सुरू झाला. पंच फ्रान्त्स बेअर हेही आपल्याच क्लबचे. लाइपत्सिगने ७–२ असा विजय मिळवला, तिकिटांचे ४७३ मार्क जमले. ज्यांनी आपल्याला स्पर्धेबाहेर काढले, त्यांना आपल्याच चेंडूने विजेते होताना पाहावे लागले. त्या मुलाला एवढे मात्र जरूर सांग.

मला या क्लबचा लळा लागला तो खरे तर फुटबॉलमुळे नव्हे. आम्ही आल्टोनातल्या ओटेन्झेन भागात राहायला आलो त्या वर्षी कळले की २९ जुलै १८९३ रोजी हा क्लब स्थापन झाला तो आल्टोना क्रिकेट क्लब या नावाने, आणि ‘फुटबॉल’ हा शब्द नावात पुढच्या वर्षी आला. दादरच्या गल्लीत रबरी चेंडूने खेळत वाढलेल्या माणसाला एवढा धागा पुरेसा होता. त्या काळी आल्टोना हे हॅम्बुर्गचा भाग नव्हते. प्रशियाचे स्वतंत्र शहर होते आणि १९३७ पर्यंत तसेच राहिले. म्हणून इथली जुनी माणसे आजही आधी आल्टोनाची आणि मग हॅम्बुर्गची असतात. १९०० साली लाइपत्सिगमध्ये जर्मन फुटबॉल संघटना स्थापन झाली, तिच्या संस्थापक क्लबांमध्येही आपण होतो.

मैदानाला ज्यांचे नाव आहे ते आडोल्फ येगर याच गावात जन्मले. जर्मनीकडून ते १८ सामने खेळले, ११ गोल केले आणि क्लबच्या बाबतीत मात्र आल्टोनालाच चिकटून राहिले. दुसऱ्या महायुद्धात, नोव्हेंबर १९४४ मध्ये, न फुटलेला बॉम्ब निकामी करण्याच्या कामात त्यांचा मृत्यू झाला. लहानपणी तू फाटकावरचे ते नाव अक्षर जुळवून वाचायचीस आणि दर वेळी ‘येगर म्हणजे शिकारी ना?’ असे विचारायचीस.

युद्धानंतरची काही वर्षे चांगली गेली. १९५५ साली जर्मन चषकाच्या उपान्त्य फेरीपर्यंत मजल गेली आणि १९६४ साली पुन्हा तिथवरच. पण त्याच्या आदल्या वर्षी बुंडेसलिगा, म्हणजे देशातली सर्वांत वरची साखळी स्पर्धा, सुरू झाली होती आणि तिच्या सोळा संघांत आपण नव्हतो. तिथून पैशाचा खेळ वेगळ्या वाटेने गेला आणि आल्टोना खालच्या पायऱ्यांवर चढत-उतरत राहिले. मला याचे दुःख फारसे होत नाही. वरच्या संघांच्या सामन्यात खेळाडू मुंगीएवढे दिसतात. इथे मात्र बचावपटूला गोलरक्षक काय ओरडला हे शब्दन् शब्द ऐकू येते, आणि मैदानाच्या एका कोपऱ्याला ‘मेकरएके’, म्हणजे कुरकुऱ्यांचा कोपरा, असे रीतसर नाव आहे. तिथे उभे राहणारे आजोबा पंचाला दर शनिवारी त्याच तीन शिव्या देतात. त्यातली एक तू सातव्या वर्षी घरी येऊन आईसमोर उच्चारली होतीस, आणि महिनाभर आपल्या दोघांनाही मैदान बंद झाले होते.

आता मैदानाविषयी. पहिल्या महायुद्धाच्या आधीपासून क्लब इथे खेळतो आहे, पण ती जागा घरे बांधण्यासाठी विकण्याचा करार २००७ मध्येच झाला आणि नवे मैदान दीबस्टाइख स्थानकापाशी व्हायची योजना आहे. कर्जात बुडण्यापेक्षा हे बरे, असे मी सभासद म्हणून स्वतःला समजावतो. तरीही गवत उगवलेल्या त्या मातीच्या पायऱ्या काँक्रीटमध्ये कोणी बांधून देणार नाही, हेही मला कळते.

तेव्हा सेमिस्टर संपताच ये, आणि त्या मुलालाही घेऊन ये. त्याचे तिकीट मी काढीन. त्याला कुरकुऱ्यांच्या कोपऱ्यातच उभे करू. छत्री आणू नका, मागच्यांना दिसत नाही. तुझा जुना रेनकोट आईने धुऊन ठेवला आहे.

तुझा,
बाबा