बजेटची जमेची बाजू दाखवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

२०२० च्या लॉकडाउननंतर नाशिकच्या अंबड-सातपूर एमआयडीसीत कुणाचा ओव्हरटाइम बंद झाला, कुणाची नोकरीच गेली. सिडकोतल्या आमच्या लेनमध्ये घरपट्टीची चिंता, आणि महापालिकेला द्यायच्या निवेदनात मात्र कमान, जॉगिंग ट्रॅक, पेव्हर ब्लॉक! तुमचं आयुष्य हिशेबखात्यात गेलेलं. निवेदन वाचून तुम्ही इतकंच विचारलंत, "जमेची बाजू पाहिलीत का? महापालिकेकडे पैसा येतो कुठून?"

कोण कशाला पाहतंय! मग तुम्ही बसवून समजावलंत. २०१३ मध्ये जकात जाऊन एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला, २०१७ मध्ये जीएसटी. तेव्हापासून महापालिकेची मोठी भिस्त शासनाच्या अनुदानावर. स्वतःच्या हातात घरपट्टी, पाणीपट्टी आणि बांधकामांवरचं विकास शुल्क. मंदीत लोक नेमकं तेच थकवतात आणि बांधकामंही थंडावतात. पगार, पेन्शन, विजेची बिलं मात्र थांबत नाहीत. वर मागच्या वर्षांच्या अर्धवट कामांचा बोजा, म्हणजे स्पिल ओव्हर. नव्या कामांना उरतं ते उरलंसुरलं.

त्यावर तुमचा नियम: नवं काम मागायचं असेल, तर आपल्याच यादीतलं एक मागे ठेवायचं. काय भांडणं झाली! मंडळाच्या पोरांनी कमान सोडली, पण जॉगिंग ट्रॅकवरून दोन घरांचं बोलणं बंद झालं, ते अजून पुरतं सुरू नाही. भिशीतल्या बायकांना हा हिशेब सगळ्यांत आधी कळला, हे मी मुद्दाम लिहितेय. पावसाळी गटार पहिलं, पथदिवे दुसरे, बाकी थांबेल, असं त्यांनीच ठरवलं.

पुण्यात २००६ पासून नागरिकांकडून बजेटसाठी कामं मागवतात, हे तुमच्याकडूनच कळलं. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्री शहरात १९८९ पासून वस्त्यांच्या सभा बजेट ठरवू लागल्या, हे तर तुम्ही इतकं रंगवून सांगायचात की चहा गार व्हायचा. मला मात्र जास्त उपयोगी पडलं ते तारखांचं. आयुक्त स्थायी समितीपुढे अंदाजपत्रक ठेवतात ते साधारण फेब्रुवारीत. म्हणून निवेदन दिवाळी झाली की लगेच द्यायचं, मार्चमध्ये ओरडून काही होत नाही.

पथदिवे लागले. गटार अजून व्हायचंय. त्याचा पाठपुरावा आता आम्हीच करतो, बजेटमधल्या ज्या खात्यातून पैसा येणार त्या लेखाशीर्षाचं नाव घेऊन विचारतो. समोरचा माणूस जरा सावरून बसतो, हे तुमच्यामुळे.

मनापासून आभार. आणि एक विचारायचं होतं: पवननगरच्या मंडळींना तुमच्या वहीची झेरॉक्स हवी आहे. देऊ का?

आपली,
सिडकोतली एक रहिवासी