टेकडी नगरपालिकेची, उड्या पोरांच्या

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत स्की जंपिंगवर (पायाला लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत येऊन लांब उडी मारायचा खेळ) चौकट आली होती ती वाचली, फोटो झकास होता पण खाली "पैसेवाल्यांचे थेर" असं जे लिहिलंय ते काही पटलं नाही म्हणून हे पत्र.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत आम्ही दोघं भाचीकडे डेन्व्हरला होतो, ती आम्हाला स्टीमबोट स्प्रिंग्जला घेऊन गेली. कोलोरॅडोच्या डोंगरातलं छोटं गाव, मूळचं गुरं पाळणाऱ्यांचं. तिथं हा खेळ आणला कोणी, तर एका गवंड्याने. कार्ल हॉवेल्सन, नॉर्वेचा माणूस, १९०५ साली अमेरिकेत आला, पोटासाठी दगड-विटांचं काम करायचा आणि १९०७ ला तर बार्नम अँड बेली सर्कशीत स्कीवरून उड्या मारून दाखवायचा. आता सर्कशीतला माणूस पैसेवाला कसा असेल तुम्हीच सांगा! १९१३ ला तो स्टीमबोटला आला आणि १९१४ च्या फेब्रुवारीत गावाचा पहिला विंटर कार्निव्हल, म्हणजे हिवाळ्यातली जत्रा, भरला, कारण थंडीत करायचं काय हाच तिथं प्रश्न. लगेच पुढच्या वर्षी नदीपलीकडच्या टेकडीवर उड्या सुरू झाल्या, तिला आज हॉवेल्सन हिल म्हणतात. १९१६ ला रॅग्नर ऑमटवेटने तिथं १९२ फूट ९ इंच उडी मारली, १९१७ ला हेन्री हॉलने २०३ फूट, दोन्ही त्या वेळचे जागतिक विक्रम, आणि ते ह्या एवढ्याशा गावात. हॉवेल्सन पुढे नॉर्वेला गेला तो परत आलाच नाही, पण कार्निव्हल अजून चालू आहे.

आम्ही तो बघितला. मंकी कॅप घालून हो, हसू नका. मेन रोडवर घोडा पळतो आणि मागे दोरीला धरून पोरगं स्कीवर, त्यासाठी ट्रक भरभरून बर्फ आणून रस्त्यावर पसरतात (आपल्याकडे खोदलेल्या रस्त्याची खडी उचलायला महिना जातो). रात्री अंगभर दिवे लावलेला माणूस टेकडीवरून खाली येतो, ही प्रथा १९३६ पासूनची.

पण माझ्या डोक्यात राहिली ती सगळ्यात छोटी उडी. पाच-सहा वर्षांची मुलं, डोक्यावर हेल्मेट, हातात काठ्या नाहीत, ओळीत उभी. एक मुलगी वर बसून खाली बघत राहिली, मागचे पोरगे ओरडतायत, शेवटी सुटली एकदाची आणि जेमतेम दोन हात हवेत गेली असेल, उतरताना ढुंगणावर आपटली, उठली आणि परत लाईनला लागली. बायको म्हणाली अगं बाई हात मोडला असता, तर भाचीने समजावलं की उतरायची जागा सपाट नसते, ती उडीच्याच वाकाने उताराला केलेली असते, त्यामुळे टीव्हीवर दिसतं तेवढा माणूस जमिनीपासून वर नसतो, मोठ्या उडीतसुद्धा बहुतेक वेळ दोन-तीन माणसांच्या उंचीवरच असतो. मला तर हे आयुष्यात पहिल्यांदाच कळलं.

आणि मुद्दा असा की ही टेकडी कुठल्या क्लबच्या मालकीची नाही, गावच्या नगरपालिकेची आहे. शाळा सुटली की पोरं पूल ओलांडून थेट टेकडीवर. ह्याच गावच्या जॉनी स्पिलेनने २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये नॉर्डिक कंबाइंडमध्ये तीन रौप्यपदकं घेतली. त्या खेळात आधी स्की जंप आणि मग बर्फावरची शर्यत असते.

आता आमच्या घराजवळचं मैदान घ्या. पाटीवर सार्वजनिक लिहिलंय, पण संध्याकाळी पाचला गेटला कुलूप, आत लग्नाच्या मंडपाचे बांबू, आणि नातू बॅट घेऊन बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये खेळतो, तिथं वॉचमन ओरडतो. वॉचमनला विचारलं चावी कोणाकडे, तो म्हणाला ऑफिसात. ऑफिसात विचारलं तर म्हणे वॉचमनकडे.

बर्फाचं सोडा साहेब. तुमचा वॉर्डाचा बातमीदार एकदा पाठवा आणि ती चावी नक्की कोणाकडे आहे एवढं तरी छापा.

आपला,
एक जुना वाचक, मुंबई