बालगृहातील रात्रपाळी

मा. संपादक,

बालगृहातील एखाद्या मुलाने आत्महत्येचा प्रयत्न केला, की पहिला प्रश्न ठरलेला : समुपदेशक नव्हता का? बहुधा असतो, पण कार्यालयीन वेळेत. मुलांच्या मनात काहूर उठते ते दिवे मालवल्यावर, आणि तेव्हा जवळ असतो काळजीवाहक. त्याची नोंदवहीतली ओळही ठरलेली : ‘मुले झोपली. सर्व ठीक.’

आमच्या मते सुधारणा या नोंदवहीपासून व्हावी; खर्च जवळजवळ शून्य. निघण्यापूर्वी समुपदेशकाने पाच मिनिटे काढून रात्रपाळीला नावानिशी सांगावे : आज कोणाची आई भेटीला आली नाही, कोणाची बालकल्याण समितीपुढे (मूल कुठे राहणार हे ठरवणाऱ्या) तारीख होती, कोण जेवले नाही, कोणी आपल्या आवडीच्या वस्तू वाटून टाकल्या. नव्याने आलेले मूल, दुसऱ्या संस्थेत बदली झालेले, दिवाळीत सगळे घरी गेल्यावर मागे उरलेले आणि अठरा पूर्ण व्हायला आलेले, यांच्यावर विशेष लक्ष हवे. (गोंधळ घालणाऱ्याकडे सगळ्यांचे लक्ष जातेच, गप्प मुलाला ‘समजूतदार’ म्हणून सोडून दिले जाते.)

‘मरावंसं वाटतं का?’ असे सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. शांतपणे विचारावे, ऐकावे. ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन मात्र देऊ नये. उत्तर ‘हो’ आले तर मुलाला एकटे सोडू नये, त्याच रात्री अधीक्षकांना कळवावे. औषधे आणि कीटकनाशके एरवीही कुलपातच हवीत.

चूक होते ती पुढे. घाबरून मुलाला वेगळ्या खोलीत ठेवतात, किंवा ‘पुन्हा असे करणार नाही’ असे लिहून घेतात. तो कागद फायलीच्या कामाचा, मुलाच्या नाही. रुग्णालयातून परतल्यावरचे आठवडे सर्वांत नाजूक, आणि नेमकी तेव्हाच फेरतपासणी चुकते, कारण गाडी नसते किंवा सोबत जायला माणूस नसतो.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते. मग मुलाला दरडावणे कशासाठी? बालन्याय कायदा, २०१५ च्या कलम ५३ मध्ये गरजेनुसार समुपदेशन ही संस्थेने द्यायची सेवा आहे. कलम ४६ मध्ये अठरानंतरच्या मदतीची तरतूद आहे. ती मुलाला सतराव्या वर्षीच समजावून सांगायला हवी.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो. संस्थेत तो भिंतीवर लिहिलेला असतो. फोन मात्र अधीक्षकांच्या केबिनमध्ये, आणि केबिनला रात्री कुलूप. निदान त्याची किल्ली तरी काळजीवाहकाकडे असावी.

– मुलांच्या संस्थांमध्ये काम करणारे काही समुपदेशक