हातसडीचा तांदूळ ओळखायचा कसा?

महोदय,

'हातसडीचा' (म्हणजे हाताने कांडून कोंडा राखलेला) अशी पाटी लावलेला तांदूळ पुष्कळदा गिरणीत पॉलिश करून कोंडा काढलेलाच असतो, आणि आपणही केवळ रंगावर विसंबून तो विकत घेतो. गेल्या महिन्यात मी असाच दोन किलो पिवळसर तांदूळ जादा दराने आणला. घरी निरखून पाहिला, तर तो पॉलिश केलेला उकडा निघाला. भात तुसासकट उकडून वाळवला की दाण्याला पिवळसर छटा येते व ती पॉलिशनंतरही टिकते, त्यामुळे पिवळेपणा हा कोंडा शाबूत असल्याचा पुरावा नव्हे. इंद्रायणी, आंबेमोहोर ही तर वाणांची नावे. त्यांचा तांदूळ सडीचाही असू शकतो आणि पॉलिशचाही.

खात्री करायची असेल, तर दहा-बारा दाणे तळहातावर घेऊन उजेडात पाहावेत. सडीच्या दाण्याच्या एका टोकाला अंकुराचा बारीकसा ठिपका बहुधा शिल्लक असतो आणि अंगावर कोंड्याचा मंद तपकिरी थर दिसतो. पॉलिशच्या दाण्याला त्याच जागी खाच पडलेली असते. कोकणातल्या लाल तांदळावर पांढरे पट्टे दिसले, तर त्याचा कोंडा अर्धवट काढला आहे असे समजावे. (सडीचा भात शिजायला वेळ लागतो, हीही एक खूण, पण ती पैसे दिल्यानंतरची!)

कोंड्यातील तेलामुळे हा तांदूळ लवकर खवट होतो, म्हणून सुट्या पोत्यांवरही कोंडा किती ठेवला आहे आणि तांदूळ कधी कांडला, हे लिहिणे विक्रेत्यांना बंधनकारक करावे.

– एक ग्राहक, रत्नागिरी