विषय नोंदवण्याआधी हे तपासा

मंडळी, कॉम्प्युटरच्या पदवीच्या पुढच्या सत्राचे विषय निवडताना नुसते एकूण क्रेडिट (प्रत्येक विषयाला ठरवून दिलेलं वजन) मोजू नका. क्रेडिट भरले, पण एखादा अनिवार्य विषय राहिला, तरी पदवी अडते. डेटा स्ट्रक्चर्स (कॉम्प्युटरमध्ये माहिती कशी मांडायची, हा विषय) तर अजिबात मागे ठेवू नका. अल्गोरिदमसारखे पुढचे विषय बहुतेक ठिकाणी त्याशिवाय घेताच येत नाहीत.

सरासरीही क्रेडिटप्रमाणेच निघते. ४ क्रेडिटच्या विषयात ८ ग्रेड पॉइंट आणि २ क्रेडिटच्या विषयात १० मिळाले, तर सरासरी ९ नव्हे, ८.६७ येते: (३२ + २०) ÷ ६. तेव्हा जास्त क्रेडिटच्या विषयाला वेळ आधी काढा.

नियम आपल्या प्रवेशवर्षाच्या पुस्तिकेतलेच वाचा, सीनियरांचे वेगळे असू शकतात. अडलं तर नोंदणी बंद होण्याआधी नक्की विचारा.